घरच्या गलबताचा जमाखर्च

समुद्र हा आम्हां महाराष्ट्रीयांच्या दृष्टीने एक तर पोटापाण्याचा विषय आहे, नाही तर इतिहासाचा. अलिबागेपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जो दर्यात जातो तो मासळीसाठी जातो, आणि जो जात नाही तो संध्याकाळी वाळूवर बसून कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांचे व गलबतांचे अभिमानपूर्वक स्मरण करतो. परंतु रविवारी सकाळी बायकामुलांना बरोबर घेऊन, डब्यात पोळीभाजी बांधून, स्वतःच्या शिडाच्या होडीतून काहीही कारण नसताना चार तास फिरून यावे, ही कल्पना या दोघांपैकी कोणाच्याही मनाला सहसा शिवत नाही. शिवलीच तर ती १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबाच्या दरवाजापर्यंत जाते आणि तेथील पहारेकऱ्याकडे पाहून परत फिरते. नौकाविहार ही संस्थानिकांची, साहेबांची किंवा त्या दोघांच्या वारसांची मिरास आहे, अशी आपली ठाम समजूत होऊन बसली आहे, आणि तीत सर्वस्वी चूक काहीच नाही.

विलायतेत तरी दुसऱ्या महायुद्धापर्यंत याहून फारसे निराळे चित्र होते असे नाही. शिडाची नौका म्हणजे सुतारांच्या पिढीजात हातांनी, वाकविलेल्या फासळ्यांवर एकेक फळी बसवून, तांब्याच्या खिळ्यांनी जडविलेली वस्तू; ती बांधवून घेणे कारकुनाच्या आवाक्याबाहेरचे आणि दुरुस्त करणे त्याच्या विद्येबाहेरचे. परंतु युद्धात लाकडी विमाने बांधण्याच्या निमित्ताने, पाण्याने न सुटणारे कृत्रिम सरस आणि त्यांनी जोडलेले पातळ प्लायवूड यांची विद्या एवढी पुढे गेली की, शांतता झाल्यावर तिचा उपयोग करणारी माणसे आपोआप निपजली. लंडनच्या पटनी भागात होड्यांचे आराखडे काढणारे जॅक होल्ट हे त्यांतले अग्रणी. त्यांनी १९४७ साली मुलांसाठी ‘कॅडेट’ आणि १९५६ साली निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’ रेखाटली. ही दुसरी होडी पुढे आपल्याकडील क्लबांतूनही पुष्कळ वर्षे धावत आली आहे. तथापि ज्या होडीने खऱ्या अर्थाने सामान्य गृहस्थाच्या हाती सुकाणू दिले ती १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात अवतरली. तिचे नाव ‘मिरर’, आणि ते पडले ‘डेली मिरर’ या लोकप्रिय वृत्तपत्रावरून, कारण पुरस्कर्ते तेच.

तिचा मूळ आराखडा होल्ट यांचा नव्हे. तो बॅरी बकनेल यांचा, ज्यांना त्या काळचा इंग्रज प्रेक्षक घरदुरुस्तीचे गुरुजी म्हणून ओळखत असे. १९६२ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर त्यांनी एक मोडके घर आठवड्यामागून आठवडे दुरुस्त करून दाखविले, आणि ते पाहून देशभरच्या यजमानांनी जुन्या नक्षीदार दरवाजांवर सपाट हार्डबोर्ड ठोकून ते ‘आधुनिक’ करून टाकले. ते हार्डबोर्ड उचकटण्यात पुढच्या पिढीची बरीच शक्ती खर्ची पडली म्हणतात. त्या पापाचे परिमार्जन या एका होडीने झाले असा माझा निवाडा आहे. बकनेल यांचा आराखडा होल्ट यांनी निगुतीने सुधारला, आणि प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्यांपासून शिडापर्यंत सर्व साहित्याचा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना विक्रीस निघाला. त्या वेळच्या कारखान्यातील कामगाराच्या सुमारे महिनाभराच्या वेतनात तो येत असे. लांबी सुमारे ३.३ मीटर, वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी एवढे. नाळ टोकदार नसून आडवी छाटलेली, त्यामुळे रूप थोडे बेंगरूळ खरे. पण तेवढ्याच लांबीत माणसांना जागा अधिक. शिडे मात्र तांबडीलाल, आणि आजवर बांधल्या गेलेल्या मिररांची संख्या सत्तर हजारांवर गेलेली.

या होडीचे मर्म तिच्या सांध्यांत आहे. तिला आधी सांगाडा उभारावा लागत नाही. प्लायवूडच्या कापलेल्या पाट्यांच्या कडांना बारीक भोके पाडावयाची, त्यांतून तांब्याची तार ओवावयाची, पिळून ती आवळावयाची, आणि पाट्या एकमेकींच्या कडांना खेचल्या जाऊन होडीचा आकार आपोआप उभा राहिला की, सांध्यांवर काचतंतूची पट्टी व राळ बसवून ते कायमचे सांधावयाचे. केन लिटलडाइक या गृहस्थांनी डोंगी बांधताना ही युक्ती प्रथम योजिली आणि बकनेल यांनी ती लोकप्रिय केली, असे मानले जाते. परंतु जहाज शिवणे ही गोष्ट आपल्या समुद्राला नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात अरबस्तानाच्या किनाऱ्यावरील शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. मार्को पोलोनेही होर्मुझ येथील शिवलेली जहाजे पाहून नाक मुरडले आहे. आणि अगदी अलीकडे, अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून, बाबू शंकरन यांच्या हाताखालील केरळच्या कारागिरांनी गोव्यात फळ्या काथ्याच्या दोराने शिवून जे जहाज बांधले, ते ‘कौंडिण्य’ या नावाने मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. दोन्ही पद्धतींतला भेद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे: कौंडिण्याचा काथ्या हा त्या जहाजाचा जन्माचा सोबती आहे, तर मिररची तार ही केवळ मध्यस्थ, राळ सुकली की बाहेरची टोके छाटून टाकतात, आणि पुढचा सारा भार एका चिकट द्रवावर येऊन पडतो. म्हणूनच जुन्या मिररची परीक्षा ही मुख्यतः त्या चिकटलेल्या सांध्यांची आणि त्यांना लागून असलेल्या लाकडाची परीक्षा असते.

ही परीक्षा मी स्वतः पाहिली ती नॉरिच शहरी, माझ्या भाच्याच्या घरी. इंग्लंडच्या पूर्वेकडील या परगण्यात ब्रॉड्स नावाची उथळ तळी आणि त्यांना सांधणाऱ्या संथ नद्या यांचे एक विस्तीर्ण जाळे आहे. ही तळी निसर्गनिर्मित आहेत असेच लोक पिढ्यान् पिढ्या समजत होते. जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात भोके पाडून तळाचे नमुने काढले तेव्हा सिद्ध झाले की, मध्ययुगात जळणाच्या मातीसाठी खणलेल्या या खाणी आहेत आणि पुढे पाणी चढून त्या बुडाल्या आहेत. लहान होडीला याहून सोयीचे पाणी शोधूनही सापडणार नाही. भाचा संगणकाच्या नोकरीत, सूनबाई रुग्णालयात, दोन मुले शाळेत. चौघांपैकी कोणाच्याही सात पिढ्यांत शीड कोणी हाती धरलेले नाही. एका निवृत्त शिक्षकांच्या परसात, नातवंडे मोठी होऊन पांगल्यामुळे, एक जुनी मिरर ताडपत्रीखाली पडून होती. म्हातारबुवांनी ती ट्रेलरसकट जवळजवळ फुकटच दिली, आणि देताना डोळे मिचकावून सांगितले की, होडी स्वस्तात मिळते, राखण्याचे पैसे निराळे.

ताडपत्री हीच पहिली घोडचूक होती. लाकडी होडीचा वैरी समुद्राचे खारे पाणी नसून पावसाचे गोडे पाणी आहे, ही गोष्ट नवख्याला उलटी वाटते. परंतु लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, आणि साचलेल्या पावसाच्या पाण्यावर ती सुखाने वाढते. त्यातून वरून घट्ट आवळलेले प्लास्टिक असले म्हणजे आतला ओलावा बाहेर पडावयास वाट उरत नाही. मालवणकडचे आमचे कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यांवर माडाच्या झावळ्यांचे झाप घालतात. त्या झापाखालून वारा आरपार वाहतो, पाणी मात्र गळत नाही. ही साधी अक्कल इंग्लंडातल्या कित्येक परसांत आढळत नाही, हे मला किंचित समाधान देऊन गेले, याची कबुली देण्यास हरकत नाही.

होडी गॅरेजमध्ये उपडी घालून भाच्याने हातात टोचा घेतला. शेजारचे एक वृद्ध इंग्रज सुतार, ज्यांचे शिकंजे पुढे महिनाभर आमच्याच ताब्यात होते, ते शेजारी उभे. त्यांनी आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाटीवर ठिकठिकाणी ठोकले: धड लाकडाचा आवाज कोरडा आणि टणक, बिघडलेल्याचा दबका. दोन्ही बाजूंच्या पाट्या स्वच्छ बोलल्या. पिछाडीची फळीही बोलली. नाळेजवळच्या डाव्या कोपऱ्यात मात्र, जेथे तळाची पाटी व बाजूची पाटी आडव्या फळीला मिळतात, तेथे आवाज एकदम बसला. वरचा रंग अखंड होता, चकचकीतही होता. भाच्याने टोच्याचे टोक टेकविले आणि हलकेच दाबले. ते मुठीपर्यंत आत गेले, हाताला कसलाही विरोध झाला नाही, आणि बाहेर आले तेव्हा त्यावर तपकिरीसारखा ओला भुगा चिकटलेला होता. मुलगी म्हणाली, “आजोबा, हे तर चॉकलेट केकसारखं दिसतंय.” तिच्या बापाचा चेहरा त्या वेळी केक खाण्याजोगा नव्हता. मिररच्या आत बाकांच्या खाली बंद हवेच्या पेट्या असतात. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून त्यांची योजना. याच पेट्यांत वर्षानुवर्षे बुचे घट्ट बसवून ठेवल्याने आतला दमटपणा आतच मुरला होता, आणि कुजण्याचा उगम तेथे होता. होडी बाहेर काढली की ही बुचे काढून ठेवावीत, एवढी दक्षता घेतली असती तर पुढचे सारे रामायण टळले असते.

कुजका भाग कापून काढणे सोपे असते. किती कापावयाचा हे ठरविणे अवघड. सुतारबुवांनी टोचा जेथे जेथे दबला तेथून चांगली वीतभर पलीकडे पेन्सिलीची रेघ ओढली, आणि भाच्याचा जीव वरखाली झाला. “मामा, एवढी मोठी खिडकी पाडायची म्हणजे उरतं काय?” असे तो मला मराठीत म्हणाला, जणू मी काही वकीलच त्याच्या बाजूचा. परंतु बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे लाकडात गेलेले असतात, त्यामुळे येथे कंजुषी केली तर दोन वर्षांनी तेच काम पुन्हा दारात येते. नंतर त्या भोकाच्या कडांना आणि नव्या तुकड्याच्या कडांना उतार द्यावा लागला, आणि या कामातले सारे कौशल्य या उतारात साठविलेले आहे. जाडीच्या आठपट लांबीचा उतार, म्हणजे पाच मिलिमीटरच्या प्लायवूडला चाळीस मिलिमीटरचा, हा प्रघात. रंधा फिरू लागला की प्लायवूडचे थर एकेक करून उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या सरसाच्या रेषा पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या असल्या तर उतार साधला, नागमोडी असल्या तर रंधा कुठे तरी बुडाला. मोजपट्टीची गरज नाही, लाकूडच आपला हिशेब मांडून दाखविते. भाच्याच्या पट्ट्या पहिल्या दिवशी नागमोडी होत्या. सुतारबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी रंध्याचे पाते काढून धार लावली आणि परत त्याच्या हाती दिले.

मूळच्या काळी सांध्यांवर पॉलिएस्टर राळ वापरीत. आता दुरुस्तीला इपॉक्सी वापरतात, कारण जुन्या लाकडाला ती अधिक घट्ट धरते. परंतु इपॉक्सी ही थंडीत काम करण्यास नाखूष असते, आणि मार्चमधले नॉरिचचे गॅरेज म्हणजे थंडीचे माहेर. होडीवर जुनी पांघरुणे टाकून त्यांखाली विजेची शेगडी लावावी लागली. दुसरा धडा उलट्या दिशेने मिळाला: एका दह्याच्या डब्यात एकदम बरीच राळ कालविली, तेव्हा ती आपल्याच उष्णतेने तापत जाऊन डब्यातून धूर निघू लागला, डबा वाकडा झाला, आणि तो चिमट्याने उचलून अंगणातल्या वाळूत नेऊन ठेवावा लागला. तेव्हापासून थोडी थोडी राळ पसरट थाळीत कालविण्याचा नियम झाला. वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट साय येते, ती साध्या पाण्याने धुतल्याशिवाय वरचा थर धरत नाही. आणि उन्हाने इपॉक्सी खराब होते म्हणून शेवटी तिच्यावर रंग किंवा रोगण चढवावेच लागते. या मधल्या काळात मुलीने पुठ्ठ्याचे माप कापून नव्या तुकड्याचा आकार बिनचूक उतरविला. सूनबाईंनी शिडाच्या उसवलेल्या शिवणी यंत्रावर पुन्हा घातल्या, कारण शिडाचे टेरिलीन शाबूत राहते आणि त्यातला दोरा मात्र उन्हाने आधी जळतो. धाकट्याने घासकागद फारसा हाती न धरता सूचना पुष्कळ केल्या.

भाच्याचे आजोबा तलाठी होते, आणि दप्तर नीट ठेवण्याची खोड घराण्यात उतरली आहे. त्याच्या वहीतला जमाखर्च मी वाचला. होडीची किंमत ही त्यातली सर्वांत लहान रक्कम निघाली. लाकूड आणि राळ यांचा आकडाही फार नव्हता. खरा खर्च ट्रेलरच्या चाकांचा, कारण त्यांची बेअरिंगे वारंवार पाण्यात बुडून गंजलेली होती. आणि चौघांच्या तरंगत्या जाकिटांचा, जी जुनी घेण्यास सूनबाईंनी साफ नकार दिला. तो नकार त्या वहीतला सर्वांत शहाणपणाचा ठराव होय, असे मी मानतो. ब्रॉड्सच्या प्राधिकरणाला होडीमागे दरसाल कर भरावा लागतो, तोही होता. नव्या शिडांची किंमत विचारून ठेवली होती, ती होडीच्या किमतीच्या कित्येक पट होती; म्हणून जुनीच शिडे, विटक्या तांबड्या रंगाची, कायम झाली.

वसंत सरता सरता ती होडी बार्टन ब्रॉडवर उतरली. मिररची डोलकाठी आखूड असते. तिच्या वर शिडाला बांधलेली दुसरी काठी उभी चढवून उंची साधतात, त्यामुळे सर्व काठ्या होडीच्या पोटातच मावतात आणि उभारणीला घटकाभर पुरते. सूनबाईंच्या अटीनुसार पहिले काम होडी मुद्दाम उलटी करण्याचे. ब्रॉड्स उथळ असल्याने पुरती उलटलेली होडी डोलकाठीचे टोक चिखलात रुतवून बसते, म्हणून माथ्याला एक रिकामी, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली बांधलेली होती. बापलेक पाण्यात पडले, मुलीने खालून बाहेर आलेल्या सरकत्या फळीवर उभे राहून पाठ मागे टाकली, आणि शीड पाणी निथळीत वर आले. थंड पाण्याने दोघांचे ओठ निळे पडले होते. थर्मासमधला चहा मी काठावर सांभाळीत होतो.

मग खरी सफर झाली. वारा वेताचा, लव्हाळ्यांवरून येणारा. धाकट्याच्या हाती सुकाणूचा दांडा दिला, तेव्हा त्याने उजवीकडे वळावयाचे म्हणून तो उजवीकडे ढकलला, आणि होडी निमूटपणे डावीकडे वळली. सर्व नवशिक्यांचे हेच होते. कोणी काही शिकविले नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला शिडाची पुढची कड फडफडू लागली की दांडा किंचित ओढून घ्यावा आणि फडफड थांबली की तसाच धरून ठेवावा, हे त्याच्या मनगटाने परस्पर ठरवून टाकले. मुलगी पुढचे लहान शीड सांभाळीत होती, वळताना शिडाच्या खालची आडवी काठी डोक्यावरून जाणार म्हणून “डोकी खाली!” असे ओरडण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले, आणि बापावर हुकूम गाजविण्याची ही कायदेशीर संधी ती वाया जाऊ देत नव्हती. चौघे त्या होडीत दाटीवाटीनेच बसतात, हे सांगितले पाहिजे. मुले आणखी वाढली की ही होडी पुरणार नाही.

तेव्हा मोठी घेण्याचा मोह होईल, आणि माझे मत विचाराल तर तेथेच बहुतेकांचा घात होतो. कोणत्याही नौकांच्या वाड्यात गेलात तर मागच्या ओळीत, गवत माजलेल्या जागी, खोली असलेल्या मोठ्या शिडाच्या नौका अर्धवट खरवडलेल्या स्थितीत उभ्या दिसतात. कोणा उत्साही बापाने ‘मुलांसाठी’ म्हणून घेतलेल्या, आणि मुले नोकरीला लागली तरी पाणी न पाहिलेल्या. हे लोक आळशी नव्हते. त्यांनी आपल्या रविवारांच्या संख्येपेक्षा मोठी वस्तू घेतली, एवढाच त्यांचा अपराध. फायबरग्लासची होडी कुजत नाही म्हणून ती घ्यावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात आणि तो आळसाच्या दृष्टीने बरोबरही आहे. परंतु तिच्या डेकमध्येही पुष्कळदा लाकडाचा गाभा असतो, एखाद्या सैल स्क्रूतून पाणी झिरपून तो आतल्या आत कुजतो, आणि वरून काही दिसत नाही. पाच मिलिमीटरच्या पाटीचा आजार टोच्याला सापडतो आणि गॅरेजात बरा होतो. घरच्या होडीचे माप यावरूनच ठरवावे.

महाराष्ट्रात असा उद्योग अशक्य आहे काय? साहित्याची तरी अडचण नाही. भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड कोणत्याही मोठ्या शहरात मिळते. आज ते बहुतांशी स्वयंपाकघरातील मोरीखालच्या कपाटांत जाते. ते विलायती प्लायवूडपेक्षा जड असते, एवढे लक्षात घ्यावे. इपॉक्सी मिळते, सुतार मिळतात, काथ्याने शिवणारे हातही अजून शिल्लक आहेत. अडते ते पाण्याशी: धरणांचे जलाशय सरकारी खात्याच्या ताब्यात, आणि परवानगीचा अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत मुले कॉलेजात जातात. म्हणून आधी जवळचा एखादा नौकानयन क्लब गाठावा, त्याच्या पाण्यावर आणि त्याच्याच होडीत मुलांना एक हंगाम काढू द्यावा, आणि त्यानंतरही घरात उत्साह टिकला तरच स्वतःच्या होडीचा विचार करावा. जुनी होडी पाहावयास जाल तेव्हा मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, बरोबर टोचा न्या, आणि मालकाने हवेच्या पेट्यांची बुचे उघडून दाखविण्यास कुरकूर केली तर तसेच परत फिरा.